बार्बिरोलींचं ब्रिटिश संगीत: स्टुडिओपेक्षा मैफलीतलं ध्वनिमुद्रण का ऐकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वाद्यवृंद-संचालक सर जॉन बार्बिरोली यांनी स्टुडिओत केलेल्या, एल्गार आणि व्हॉन विल्यम्स या इंग्लिश संगीतकारांच्या कृतींच्या तबकड्या तुमच्याकडे आहेत आणि त्या आवडतातही, पण त्यांची लय फार संथ वाटते. त्याच कृतींची मैफलीतली ध्वनिमुद्रणं अनेकदा मोनो असतात, मधे खोकले येतात, खरखर असते. मग ती का ऐकायची, आणि ऐकायचीच तर कुठून लागायचं?

मी चेलो वाजवतो आणि शिकवतो. त्यामुळे हे उत्तर तंतुवाद्यांच्या रांगेत बसून दिलेलं आहे असं समजा. बार्बिरोलींच्या बाबतीत तीच बाजू महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी लयीचं बोलतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. स्टुडिओत काम तुकड्यातुकड्यांनी होतं. एक भाग घ्यायचा, ऐकायचा, बिघडलेला तुकडा पुन्हा घ्यायचा. द्रुत, काटेकोर लय ठेवणाऱ्या संचालकाला याचा फारसा त्रास होत नाही. पण ज्याची लय श्वासावर चालते, जो एखादा स्वर रेंगाळू देतो आणि त्याची भरपाई पुढच्या वीस मापांत (तालाच्या छोट्या तुकड्यांत) करतो, त्याच्या हातून हा ताण तुकड्यांत निसटू शकतो. बार्बिरोलींच्या उत्तरायुष्यातल्या काही स्टुडिओ ध्वनिमुद्रणांत हे झालं आहे. एल्गार यांनी १९३० साली आपली पहिली सिंफनी स्वतः ध्वनिमुद्रित केली, ती सुमारे ४६ मिनिटांत संपते. बार्बिरोली पन्नाशी सहज ओलांडतात. घड्याळाने पाहिलं तर तुमची तक्रार खरी आहे. पण मैफलीत हीच संथ लय ऐकली की ती संथ वाटेनाशी होते. समोर माणसं बसलेली असतात, मागे फिरायची सोय नसते, आणि पहिल्या स्वरापासून शेवटचा स्वर कुठे जाऊन पडणार आहे हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.

ही खात्री आली कुठून, ते त्यांच्या आयुष्यातून कळतं. जन्म २ डिसेंबर १८९९, लंडन. वडील इटालियन, आई फ्रेंच. मुलाचं नाव जोव्हान्नी बात्तिस्ता. इंग्लिश संगीताचा एवढा मोठा उपासक रक्ताने इंग्लिश नव्हता, पण वाढला मात्र लंडनच्या थिएटरांत आणि वाद्यवृंदांत. वाद्य चेलो. २७ ऑक्टोबर १९१९ रोजी क्वीन्स हॉलमध्ये एल्गार यांचा चेलो कन्चेर्टो (एकल चेलो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची कृती) पहिल्यांदा वाजला, तेव्हा लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या चेलोंच्या रांगेत १९ वर्षांचे बार्बिरोली होते. तो प्रयोग फसला होता. त्या कार्यक्रमातल्या दुसऱ्या संचालकाने तालमीचा बहुतेक वेळ खाल्ला आणि एल्गार यांच्या वाट्याला फार थोडा उरला. जानेवारी १९२१ मध्ये बोर्नमथला बार्बिरोली स्वतः त्याच कन्चेर्टोचे एकल वादक होते. म्हणजे ही कृती त्यांनी आधी रांगेत बसून, मग पुढे बसून, आणि त्यानंतर आयुष्यभर समोर उभं राहून ओळखली.

संचालक म्हणून त्यांचं नशीब उघडलं तेही एल्गारमुळेच. डिसेंबर १९२७ मध्ये टॉमस बीचम यांच्या जागी लंडन सिंफनीसमोर ऐन वेळी उभं राहायची वेळ आली आणि कार्यक्रमात एल्गार यांची दुसरी सिंफनी होती. ती त्यांनी दोन दिवसांच्या आत आत्मसात केली. त्याच मैफलीत थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स हायडनचा कन्चेर्टो वाजवत होते आणि त्यांनी वादकांपाशी या तरुणाची उघड तारीफ केली. हिज मास्टर्स व्हॉइस या ध्वनिमुद्रण कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग तिथूनच त्यांच्या मागे लागले. जे काम त्यांनी आधी तासन्‌तास वादक म्हणून केलं होतं, तेच इथे एका रात्रीत कामी आलं.

त्यानंतर ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संचालक झाले, ती वर्षं मी भरभर ओलांडतो. तिथल्या समीक्षकांनी त्यांना आधीचे संचालक तोस्कानिनी यांच्याशी तोलत छळलं, तो इतिहास बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. आपल्या विषयासाठी तिथली एक गोष्ट मोलाची आहे. २९ मार्च १९४१ रोजी कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या ‘सिंफोनिया दा रेक्विएम’चा पहिला प्रयोग केला. जपान सरकारने साम्राज्याच्या २६०० व्या वर्धापनासाठी ही कृती मागवली होती आणि हाती पडल्यावर नाकारली. दुसऱ्या दिवशीचा प्रयोग रेडिओवरून गेला आणि तो तबकड्यांवर टिकला. आवाज खराब आहे. पण सुरुवातीचे टिंपनीचे (मोठ्या नगाऱ्यांचे) घाव ऐका. नुकतीच शाई वाळलेली ही कृती कुठल्याही परंपरेच्या आधाराशिवाय वाजते आहे आणि तरी ती इतकी नवी आहे असं वाटत नाही. त्याआधी, मार्च १९४० मध्ये, ब्रिटन यांचा व्हायोलिन कन्चेर्टोही आंतोनिओ ब्रोसा यांच्या साथीने त्यांनीच पहिल्यांदा मंचावर आणला होता. ब्रिटिश संगीत परदेशात नेऊन रुजवायचं काम त्यांनी असं सुरू केलं.

आता मँचेस्टर. इथे थोडं थांबू. १९४३ साली, ऐन युद्धात, न्यूयॉर्क सोडून ते हाले ऑर्केस्ट्रा सांभाळायला आले. ऑर्केस्ट्रा नावालाच उरला होता, कारण बहुतेक वादक बीबीसीकडे गेले होते. महिनाभरात त्यांनी मिळतील तिथून माणसं उभी केली, त्यांत शाळकरी वयाची मुलंही होती, आणि जुलैमध्ये पहिली मैफल केली. फ्री ट्रेड हॉल बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाला होता, तो पुन्हा उघडायला १९५१ उजाडलं. त्या पहिल्याच हिवाळ्यात या नवख्या मंडळींकडून त्यांनी आर्नल्ड बॅक्सची तिसरी सिंफनी ध्वनिमुद्रित करून घेतली आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये व्हॉन विल्यम्सची पाचवी, जिचा पहिला प्रयोग होऊन वर्षही झालं नव्हतं. ही दोन्ही स्टुडिओतली आहेत, तरी ऐका. जमवलेल्या वादकांचा नाद इतका एकजीव कसा झाला, याचं उत्तर शोधणं हेच बार्बिरोली समजून घेणं आहे.

उत्तर बोइंगमध्ये, म्हणजे तंतुवाद्याचा बो (गज) चालवण्याच्या पद्धतीत आहे. बो खाली कधी आणायचा, वर कधी न्यायचा, किती लांबीचा वापरायचा, स्वर बदलताना बोट उचलायचं की तारेवरून घसरत न्यायचं, हे सहसा कॉन्सर्टमास्टर (पहिला व्हायोलिनवादक) आणि विभागप्रमुख ठरवतात. बार्बिरोली हे स्वतः करायचे. तंतुवाद्यांचे पार्ट (वादकांसमोर ठेवायची स्वरलिपी) घरी न्यायचे आणि बसून खुणा करायचे. कृती पुन्हा कार्यक्रमात आली की पुन्हा पाहायचे. बाहेरून हे कारकुनी काम दिसतं. रांगेत बसलेल्या माणसाला मात्र त्याचा अर्थ लगेच कळतो: वाक्य कुठे श्वास घेणार हे आधीच माझ्या हातात लिहून दिलेलं आहे, त्यामुळे मैफलीत संचालकाने अचानक वेळ ताणला तरी माझा बो अपुरा पडत नाही. त्यांचं मैफलीतलं स्वातंत्र्य या तयारीवर उभं होतं. आणि स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, ज्याला पाश्चात्त्य वादक पोर्तामेंतो म्हणतात, ते इतर वाद्यवृंदांनी टाकून दिल्यावरही त्यांनी सोडलं नाही. एल्गार यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणांत ते ठायी ठायी आहे. आपल्या कानाला यात अवघड काही नाही, आपण मींड ऐकतच वाढलो. उलट ते काढून टाकलेला एल्गार मला कोरडा लागतो.

मुंबईचा एक खरा धागा इथे जुळतो. १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे व्हायोलिनवादक मेहली मेहता १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरला गेले आणि काही वर्षं बार्बिरोलींच्या हातांखाली हालेमध्ये वाजवत होते. त्यांचे चिरंजीव झुबिन तेव्हा व्हिएन्नात शिकत होते. १९५८ साली त्यांनी संचालकांची स्पर्धा जिंकली ती शेजारच्या लिव्हरपूलमध्ये. व्हॉन विल्यम्स आणि हाले यांच्या मैत्रीचा बहराचा काळही हाच. जानेवारी १९५३ मध्ये ‘सिंफोनिया अंटार्टिका’चा पहिला प्रयोग आणि २ मे १९५६ रोजी आठव्या सिंफनीचा, दोन्ही मँचेस्टरमध्ये, दोन्ही बार्बिरोलींच्या हातून. आठवी त्यांनाच अर्पण केलेली आहे आणि हस्तलिखितावर संगीतकाराने त्यांना ‘ग्लोरियस जॉन’ म्हटलं आहे. ते नाव मग कायमचं चिकटलं. या सिंफनीचा दुसरा भाग फक्त फुंकवाद्यांसाठी आहे आणि तिसरा फक्त तंतुवाद्यांसाठी. तिसऱ्या भागाची सुरुवात चेलोंकडे दिली आहे. ८३ वर्षांच्या त्या म्हाताऱ्याला हाले आणि त्याचा संचालक किती नेमके कळले होते, ते यातून दिसतं.

आता ध्वनिमुद्रणांकडे. मी चार सांगणार आहे. चारही सारख्या महत्त्वाची नाहीत.

रोम, नोव्हेंबर १९५७: एल्गार यांचं ‘द ड्रीम ऑफ जेरॉन्शियस’ (मरणासन्न माणसाची कथा सांगणारा ऑरेटोरिओ, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी धार्मिक कृती), इटालियन रेडिओचा वाद्यवृंद आणि गायकवृंद, मुख्य भूमिकेत जॉन व्हिकर्स, वय ३१. गायकवृंद ऑरेटोरिओच्या इंग्लिश परंपरेत वाढलेला नाही आणि ते ऐकू येतं. पण व्हिकर्सचा जेरॉन्शियस मरणाला खरोखर घाबरलेला आहे. इंग्लिश टेनर (उंच पट्टीचे पुरुष गायक) या भूमिकेत जो सभ्यपणा आणतात तो इथे नाही. बार्बिरोली स्वतः कॅथलिक होते, आणि कॅथलिक श्रद्धेतून जन्मलेली ही कृती ते रोममध्ये इटालियन वादकांकडून वाजवून घेत होते. १९६४ ची जॅनेट बेकर यांची स्टुडिओ आवृत्ती अधिक सुबक आहे आणि बेकर यांच्यासाठी ती घरात असायलाच हवी. पण जेरॉन्शियस ऐकायचा तो रोमचा.

प्राग, जानेवारी १९६७: एल्गार यांचा चेलो कन्चेर्टो, चेलोवर जॅकलिन द्यू प्रे, बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा. या दोघांची ऑगस्ट १९६५ ची स्टुडिओ तबकडी साऱ्या जगाला माहीत आहे आणि तिच्याबद्दल नव्याने सांगण्यासारखं काही नाही. प्रागला द्यू प्रे जास्त धोका पत्करते. संगीत कुठे थांबणार याचा अंदाज लागत नाही, आणि तरी वाद्यवृंद तिच्यापासून केसभरही सुटत नाही. मी विद्यार्थ्यांना हे ध्वनिमुद्रण देतो तेव्हा सांगतो, पहिल्यांदा चेलो ऐकूच नका. तिच्या मागचे चेलो ऐका. त्या रांगेत एकेकाळी बसलेला माणूस त्यांना कधी पुढे बोलवतो आणि कधी आवरतो ते पाहा. या मुलीला तो तिच्या बालपणापासून ओळखत होता. १९५६ साली तिला तरुण चेलोवादकांसाठीचं सुजिया पारितोषिक मिळालं तेव्हा तो परीक्षकांत होता.

म्युनिक, एप्रिल १९७०: व्हॉन विल्यम्सची सहावी, बव्हेरियन रेडिओचा वाद्यवृंद. ब्रिटिश संगीत फक्त ब्रिटिशांनाच वाजवता येतं, हा समज मनात असेल तर तो इथे जाईल. जर्मन वादकांकडे ही सिंफनी सवयीची नाही, म्हणून ती ते चाचपत, एकेक स्वर तोलून वाजवतात. शेवटचा संपूर्ण भाग अतिशय हळू आवाजात चालतो, कुठेही उसळी नाही. असा भाग सभागृहात टिकवून धरणं किती कठीण असतं ते वाजवणाऱ्याला विचारा. बो तारेवर नुसता ठेवलेला असतो आणि हात थरथरू लागतो. इथे तो थरथरत नाही.

आणि इंग्लंडमधलं किंग्ज लिन, २४ जुलै १९७०. एकच ऐकणार असाल तर हे. सेंट निकोलस चॅपेल, हाले, एल्गार यांची पहिली सिंफनी. हृदयविकाराने जर्जर झालेला ७० वर्षांचा माणूस. दुसऱ्या दिवशी त्याने बेथोवनची सातवी केली, ती शेवटची मैफल. २९ जुलैला तो गेला. त्या दिवसांत लंडनच्या न्यू फिलहार्मोनिया वाद्यवृंदाच्या जपान दौऱ्याच्या तालमी चालू होत्या. पण मृत्यू जवळ होता म्हणून हे ध्वनिमुद्रण थोर आहे असं मी म्हणत नाही आणि तुम्हीही तसं ऐकू नका. हे निरोपाचं वादन नाही. यात जोर आहे, हट्ट आहे.

या सिंफनीचा पहिला प्रयोग ३ डिसेंबर १९०८ रोजी हालेनेच केला होता, मँचेस्टरमध्ये, हान्स रिश्टर यांच्या हाताखाली. सुरुवातीला टिंपनीवर हलकी घुमक, मग ती प्रसिद्ध धून आणि खालून चेलो-बासची सुटी पावलं. बहुतेक संचालक इथेच भव्यता सुरू करतात. बार्बिरोली करत नाहीत. ती धून ते साधी ठेवतात, कारण तिला पुढचा सगळा गोंधळ सोसून शेवटी परत यायचं आहे. मधल्या काळात ती अधूनमधून नुसती डोकावते, आणि तेव्हा एल्गार यांनी एक विलक्षण गोष्ट लिहिली आहे: तंतुवाद्यांच्या फक्त शेवटच्या डेस्कनी (डेस्क म्हणजे एका स्टँडवरून वाजवणारी जोडी) वाजवायचं. म्हणजे रांगेत सर्वात मागे बसणारे, ज्यांच्याकडे एरवी कुणी पाहत नाही, त्यांच्याकडे सिंफनीचा गाभा सोपवलेला. चॅपेलच्या घुमणाऱ्या हवेत हा आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही, आणि तेच हवं आहे. १९१९ साली स्वतः रांगेत बसून वाजवलेल्या माणसाला या जागा कशा उजळायच्या ते समजावं यात नवल नाही.

दुसऱ्या भागातून तिसऱ्यात जाताना खंड नाही. दुसऱ्या भागात पळणारे जे स्वर, तेच तिसऱ्यात संथ होऊन आदाजिओची (संथ भागाची) धून बनतात. हे कागदावर सगळ्यांना दिसतं. कानाला ते तेव्हाच कळतं जेव्हा मधला उतार संचालकाला साधतो. लय हळूहळू विरत जाते, एकेक वाद्य गळतं, आणि आपण नव्या भागात कधी आलो हे कळेपर्यंत आलेलो असतो. स्टुडिओत हा सांधा पुन्हा पुन्हा घेता येतो. इथे तो एकदाच घेतलेला आहे. आदाजिओमध्ये संचालकाचं गुणगुणणं आणि कण्हणं ऐकू येतं. ते त्यांच्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांत आहे. काहींना त्याचा त्रास होतो. मी ते स्वरलिपीचा भाग समजून ऐकतो, कारण ते नेहमी तिथेच येतं जिथे बो लांबवायचा असतो. अंतिम भागात हाले दोनतीन ठिकाणी विस्कळीत होतो, पितळी वाद्यं दमतात. शेवटी मूळ धून परतते तेव्हा मात्र तिच्याभोवती सगळा वाद्यवृंद फेसाळत असतो आणि ती तरीही मोडत नाही. सुरुवातीला ती साधी का ठेवली होती, ते इथे उमगतं.

एल्गार वाजवणारे दुसरे मोठे इंग्लिश संचालक बूल्ट, त्यांच्या चाहत्यांना हे पटत नाही, आणि त्यांचंही खरं आहे. एड्रिअन बूल्ट एल्गारला सरळ, ताठ, न थांबता नेतात आणि इमारत स्पष्ट दिसते. १९७६ च्या प्रॉम्समधली (लंडनच्या उन्हाळी संगीतमहोत्सवातली) त्यांची हीच सिंफनी मी आदराने ऐकतो. पण तुमची तक्रार संथपणाची असली तरी मी तुम्हाला बूल्टकडे वळवणार नाही. तुम्हाला बार्बिरोली आवडतात, त्यांचा उत्तम दिवस ऐका.

काही व्यवहाराच्या गोष्टी. ही ध्वनिमुद्रणं बीबीसी लेजंड्स, टेस्टामेंट, ऑर्फेओ अशा लेबलांवर आली. १९७२ मध्ये स्थापन झालेली बार्बिरोली सोसायटीही जुनं साहित्य काढत असते. एकाच मैफलीच्या वेगवेगळ्या प्रती फिरतात. काहींचा उगम प्रसारकाच्या मूळ फितीत असतो, तर काही कुणी घरी रेडिओवरून टेप केलेल्या असतात. घरच्या टेपचा वेग भरकटतो. स्वर मोजणारा ट्यूनर लावा. एखादा लांब, स्थिर स्वर घ्या आणि तो ४४० हर्ट्झच्या ‘ए’ या संदर्भ स्वराच्या मानाने कुठे पडतो ते पाहा. सगळंच पाव स्वर वर असेल तर ती प्रत वेगाने चालते आहे आणि तिच्यावरून लयीबद्दल काहीही ठरवू नका. दुसरं, अति स्वच्छ केलेली प्रत टाळा. खरखर काढताना सभागृहाची हवाही निघून जाते आणि व्हायोलिनं पत्र्याची वाटू लागतात. थोडी खरखर असलेली प्रत कान लवकर स्वीकारतो. तिसरं, हेडफोनवर पहिल्यांदा ऐकू नका. मोनो ध्वनिमुद्रण हेडफोनवर डोक्याच्या मधोमध अडकतं. खोलीत, साध्या स्पीकरवर, मध्यम आवाजात ऐका.

क्रम असा ठेवा. किंग्ज लिन आधी, पूर्ण, न थांबवता. मग १९६२ ची एल्गार यांच्या ‘इंट्रोडक्शन अँड अलेग्रो’ची स्टुडिओ तबकडी, कारण तिथे तुम्हाला त्यांच्या तंतुवाद्यांचा नाद उत्तम स्टिरिओत मिळेल आणि मैफलीत नेमकं काय ऐकायचं ते कळेल. मग प्राग, मग म्युनिक. रोम शेवटी, कारण दीड तास बसायची तयारी हवी. ब्रिटन यांची १९४१ ची ‘सिंफोनिया दा रेक्विएम’ कधीही, पण एकट्याने. एल्गार यांची स्वरलिपी आता मुक्त आहे आणि सहज मिळते. पहिल्या सिंफनीची समोर ठेवा, आणि शेवटच्या डेस्कची सूचना जिथे जिथे येते तिथे पेन्सिलीने खूण करून मग किंग्ज लिन पुन्हा लावा.